चार बोटं

“आता विचारेल बघ, काही अडथळा आहे का. आणि आपण सगळी शहाणी बाळं माना हलवून नाही म्हणू. की सुटलो.”

आवाज तिच्या कानात होता. शेजारून नव्हे, मागून नव्हे, हेडफोनमधून थेट कानात. इतक्या जवळून तर नवराही कधी कुरकुरला नव्हता. कुणीतरी आपला माइक उघडा ठेवून घरातल्या माणसाशी बोललं होतं, आणि पुढच्याच क्षणी जीभ चावावी तसा तो माइक बंद झाला होता. संगणकाच्या पडद्यावर बैठकीच्या चार खिडक्या होत्या आणि चारही खिडक्यांतली माणसं जशीच्या तशी. दाढीवाला कप तोंडाला लावून होता. तपासनीस मुलगी केसांत क्लिप खोचत होती. साहेब खाली बघत होते, म्हणजे मोबाइल बघत होते. आणि चौथ्या खिडकीत नेहमीप्रमाणे कॅमेरा बंद, नुसता राखाडी गोल. आवाज घोगरा होता, अर्धा कुजबुजीतला, आणि कुजबुज बाईची की बाप्याची हे ओळखायला फार सराव लागतो. तिने तोंड उघडलं, ते मिटलं, पुन्हा उघडलं. कारण ती खरंच तेच विचारणार होती. दुसरं काही विचारायचं सुचेना. “बरं,” ती म्हणाली, “कुणाला काही अडथळा?” आणि तीन माना नाही म्हणाल्या. गोलाने खाली लिहिलं, ‘नाही.’

या बैठकीला ‘स्टँडअप’ म्हणतात, म्हणजे खरं तर ती उभ्याने व्हायची. पाय दुखले की माणसं थोडक्यात बोलतील, असा शोध लावणाऱ्याचा हिशोब. पण टोळी तीन देशांत विखुरलेली. कोण उभं आहे आणि कोण पांघरुणात पाय घालून बसलंय हे खिडकीत दिसतं थोडंच? दाढीवाला प्रोग्रॅम लिहायचा, आणि इथे सकाळ झाली की त्याच्याकडे जेवणं उरकून भांडी विसळायची वेळ असे. तपासनीस त्याने लिहिलेलं मोडून बघायची; तिच्याकडे दुपार. गोल जुन्या यंत्रणेतली माहिती नव्या यंत्रणेत आणायचा. त्याच्याकडे किती वाजलेले असत कुणास ठाऊक, कारण नेट खराब आहे असं सांगून तो पहिल्या दिवसापासून लिहूनच बोलायचा. त्याला गोल हे नावही त्यानेच दिलेलं. ‘मी तो गोल,’ असं त्याने लिहिलं होतं, आणि सगळे हसले होते, आवाज बंद ठेवून. साहेब मात्र तिच्याच मजल्यावर, काचेच्या खोलीत. दहा पावलांवरचा माणूस, पण बैठकीला खिडकीतूनच यायचा. त्यामुळे साहेबांचं प्रत्येक वाक्य तिला दोनदा ऐकू येई, एकदा काचेतून पुसट आणि मग कानात स्वच्छ. आणि ती स्वतः? तिने काही लिहायचं नाही, मोडायचं नाही, आणायचं नाही. तिने विचारायचं. काल काय केलंत, आज काय करणार, काही अडथळा. पंधरा मिनिटांत संपवायची, म्हणून तिच्या माघारी तिला घड्याळबाई म्हणत. हे तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. टायपिंगच्या क्लासातून आलेली बाई, पुस्तकं उसनी आणून शिकलेली. तिच्या चाळिशीनंतर कुणी तिला यंत्राचं नाव दिलं, हा मानच की.

पण आज तो आवाज कानातून निघेना. हेडफोन काढून ठेवले तरी आत बसून राहिला, पोहून आल्यावर पाणी बसतं तसा. कुणाचा? आणि त्याहून वाईट म्हणजे, तो चूक कुठे होता? अडथळा होता. सगळ्यांना माहीत होता. पडद्यावरच्या कामांच्या बोर्डावर, उजवीकडच्या शेवटच्या रकान्यात, ‘झालं’ या शब्दाखाली, हिरवं कार्ड होऊन बसला होता. कार्डावर लिहिलेलं होतं, ‘वॉर्ड बदलल्यावर लाल पट्टी.’ हे लोक एका मोठ्या हॉस्पिटलसाठी नर्सच्या हातातल्या पडद्याचं काम करत होते. कुठल्या पेशंटला कुठलं औषध कधी, हे त्यावर दिसायचं. ज्याला एखादं औषध चालत नाही, अंगावर उठतं, घसा सुजतो, त्याच्या नावाशेजारी लाल पट्टी. साधी गोष्ट. पण पेशंटला एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात हलवलं, तर त्याच्यामागून ती पट्टीही गेली पाहिजे. नवा वॉर्ड, नवी नर्स, तिने माणसाला कधी पाहिलेलं नाही. ती पट्टीवरच विसंबणार. पट्टी नसेल तर ती सुई टोचणार, आणि त्यात तिची काही चूक नसणार. सोमवारी सकाळी हॉस्पिटल जुनी यंत्रणा बंद करून नवी चालू करणार होतं. आज शुक्रवार. संध्याकाळच्या बैठकीत हो की नाही ठरायचं होतं.

आणि ती पट्टी कुणी तपासली होती? इथेच सगळी गंमत होती, गंमत म्हणायची तर. हॉस्पिटलचं तपासणीचं यंत्र उघडं असायचं ते नेमकं दाढीवाला जागा आणि तपासनीस झोपलेली असताना. त्याने तपासावं, तर ज्याने लिहिलं त्यानेच तपासायचं नाही असा टोळीचा नियम. तो नियम भिंतीवर लावण्याइतका त्यांना प्रिय. म्हणून त्याने कार्ड तिच्याकडे सरकवून ठेवलं. ती उठली, यंत्र बंद. तिने कार्ड पुन्हा त्याच्याकडे सरकवलं. असं ते कार्ड पृथ्वीच्या दोन बाजूंना चेंडूसारखं जात-येत राहिलं. प्रत्येकाच्या मनात एकच, की दुसऱ्याच्या दिवसात ते झालं असेल. माणूस झोपलेला असताना जे होतं त्यावर त्याचा केवढा विश्वास असतो! मग त्या दोन आठवड्यांच्या ‘धावे’चा, म्हणजे कामाच्या टप्प्याचा, शेवट आला, हॉस्पिटलची माणसं बोर्ड बघायला आली, आणि साहेब काचेतून व कानातून म्हणाले, “आणि हे राहिलेलं कार्ड?” कुणी बोललं नाही. कुणाची हरकत नसेल तर, असं म्हणत घड्याळबाईने ते उजवीकडे सरकवलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कार्ड हिरवं झालं. टाळ्या वाजवणाऱ्या हातांची चित्रं पडद्यावर उडत वर गेली. तिच्या बोटाला तेवढं आठवत होतं, की सरकवताना ते हलकं लागलं होतं, बाकीच्या कार्डांपेक्षा हलकं. पडद्यावरच्या चित्राला वजन नसतं हे तिला कळतं. तरी लागलं होतं.

तेव्हाच कुणी का बोललं नाही? त्याचंही कारण होतं, आणि तेही सगळ्यांना माहीत होतं. आधी पडद्यावर पाचवी खिडकी होती, बडबड्याची. बडबड्या म्हणजे नावाप्रमाणे. स्टँडअपमध्ये त्याला आवरताना तिची पंधरा मिनिटं हमखास वीस व्हायची. मागच्या वेळी हो की नाहीच्या बैठकीत तो एकटा म्हणाला होता, की हे तयार नाही, दोन आठवडे द्या. दोन आठवडे मिळाले. काम सुधारलंही. आणि मग एका सोमवारी बडबड्या नव्हता. ‘संघाची नव्याने मांडणी,’ असं साहेबांनी कळवलं. पडद्यावरच्या उरलेल्या खिडक्या आपसूक थोड्या मोठ्या झाल्या आणि त्याची जागा भरून निघाली. रिकामी खुर्ची निदान दिसते तरी. त्या दिवशी तिने विचारलं होतं, काही अडथळा, आणि सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. बैठक अकरा मिनिटांत संपली. तेव्हापासून ती कधी पंधरावर गेली नाही.

दुपारी तिने तपासनीसला फोन लावला. आडून विचारावं म्हणून लावला, आणि आडूनच बोलत राहिली. हवा कशी आहे, पाठ दुखते का अजून. मुलीला सातवा महिना होता. “पाठीचं काय विचारता ताई, पाठ आता माझी राहिलीच नाहीये, भाड्याने दिलीय,” मुलगी म्हणाली, आणि दोघी हसल्या. मग हसू संपलं. “सकाळी कुणीतरी माइक उघडा ठेवला होता,” घड्याळबाई म्हणाली. “हो, ऐकलं मी.” “तू नव्हतीस ना?” “ताई, मी कुरकुर करते ती नवऱ्यापाशी, आणि तो दिवसा कायम घराबाहेर.” “संध्याकाळी किती बोटं दाखवणार आहेस?” तिने विचारलं. विचारायचं नसतं हे. हात एकदम वर करायचे असतात, एकाचं बघून दुसऱ्याने ठरवू नये म्हणून. मुलगी म्हणाली, “चारच की. नेहमीची.” आणि मग, अगदी हळू, “माझा करार महिनाअखेरीला संपतोय. बाळंतपणाची रजा नव्या करारात धरतील म्हणालेत साहेब. म्हणजे, नवा झाला तर.” तिने ‘काळजी घे गं’ म्हटलं. हे वाक्य काय, दार ओढून घ्यायला उपयोगी पडतं.

जेवायच्या सुट्टीत ती खाली उतरली आणि इमारतीला फेरी मारू लागली. रस्ता खोदून ठेवलेला. पिवळ्या टोप्या घातलेली माणसं खड्ड्यात उतरून नळ जोडत होती आणि वर एकजण नुसता उभा राहून बघत होता. आपणही तेच करतो, तिच्या मनात आलं. फक्त टोपी नाही. चालता चालता तिच्या तळव्याला एकाएकी स्टुलाची कड आठवली. घरातलं लाकडी स्टूल, चुलीपासून हातभर अंतरावर, कायम तिथेच. आईला दिसेनासं झालं होतं तेव्हाची गोष्ट. आई बोलली नव्हती. पण घराला कळलं होतं. मिठाची बरणी डावीकडे, साखरेची उजवीकडे, आणि कुणी चुकून बदलली तर दुसरा गुपचूप परत जागेवर ठेवी. वडील चप्पल दाराच्या आत काढत नसत. आत्या यायची ती हाक मारत मारत यायची, म्हणजे आईला चेहरा ओळखायची वेळ येऊ नये. केवढं शहाणं घर! केवढं मायेचं! डॉक्टरचं आत्या बघेल असं वडिलांना वाटायचं, आणि वडिलांनी विचारलंच असेल असं आत्याला. ती स्वतः तेव्हा दहा-अकरा वर्षांची. आईला कुठे धक्का लागू देत नाही याचा तिला अभिमान वाटायचा. मग एके दिवशी धाकटा भाऊ त्या स्टुलाशेजारी जमिनीवर खेळत बसला होता. तिथे कुणी नसतं, हे आईला पाठ होतं. आणि आईने चुलीवरचं उकळत्या पाण्याचं पातेलं उचललं.

तिने भावाला फोन लावला. का लावला हे सांगता आलं नसतं. तो जोड्यांच्या दुकानात होता, मागे कुणीतरी आठ नंबर मागत होतं. “बोल ताई. कोण गेलं?” “कुणी नाही रे.” “मग दुपारचा फोन? तुझा फोन म्हणजे एक तर कुणी गेलं, नाहीतर कुणाचं लग्न ठरलं.” तिने विचारलं, तुझ्या पायाचं तुला काय आठवतं. तो आधी गिऱ्हाइकाला म्हणाला, “बसा, आणतो.” मग म्हणाला, “पाय काय, पावसापाण्यात खाजतो थोडा. एवढंच. आणि मला तर ते पाणी आठवतच नाही. आई आठवते. मला डॉक्टरकडे नेलं ना, ते माझ्या पायाकडे बघत होते आणि ही मध्येच त्यांना म्हणाली, मला दिसत नाही हो. असं. जसं काही पत्ता सांगतेय. आणि बाबा रडायला लागले. मी म्हणतो, भाजलंय मला, आणि रडताय तुम्ही!” तो हसला. तीही हसली. “का गं, काय झालं?” “काही नाही,” ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर खड्ड्याच्या काठाशी उभी राहिली. काही नाही. जिभेला किती सराव असतो या दोन शब्दांचा. आईच्या डोळ्यांबद्दल पहिल्यांदा बोललं कोण, तर आई. ज्यांना दिसत होतं त्यांच्यातलं एकही जण नाही.

संध्याकाळपर्यंत तिने काही केलं नाही असं नाही. साहेबांच्या काचेपर्यंत दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा त्यांनीच आत बोलावलं आणि म्हणाले, “आज लवकर आटपा हं. वर सगळ्यांना होकार कळवलाय मी. आजचं म्हणजे नुसतं आपलं रीतसर.” माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर त्याच्या लेकीने रंगवलेला दगड होता, डोळे काढलेला. त्याच्या डोळ्यांखाली काळं होतं. तोही कुणाच्या तरी खिडकीत बसून मान हलवत असेल, तिला वाटलं. वरच्या कुठल्या तरी बैठकीत, दुसऱ्या कुठल्या घड्याळात. ती ‘साहेब, ते लाल पट्टीचं’ एवढं बोललीसुद्धा. त्यांनी वर पाहिलं. “झालंय ना ते?” त्या प्रश्नात प्रश्न नव्हता, हात जोडलेले होते. “बोर्डावर तरी झालंय,” ती म्हणाली. “मग झालं,” ते म्हणाले.

बैठक सुरू झाली तेव्हा बाहेर उजेड कलत होता. दाढीवाल्याकडे पहाट, त्याच्या मागच्या खिडकीत निळसर काहीतरी उगवत होतं. तपासनीसने पाठीशी उशी घेतली होती. हो की नाही ठरवायची त्यांची रीत अशी: तिने तीन म्हणायचं आणि सगळ्यांनी एकदम एक हात कॅमेऱ्यासमोर धरायचा. पाच बोटं म्हणजे छातीठोक हो. मूठ म्हणजे थांबा. तीन किंवा कमी दाखवली, तर का ते सांगावं लागतं. पाच दाखवली, तर उद्या काही बिघडलं की तुम्ही पाच दाखवली होतीत ना म्हणून लोक येतात. म्हणून टोळी हळूहळू चारवर येऊन थांबली होती. चारला कुणी काही विचारत नाही. गोल हाताऐवजी आकडा लिहायचा. तिने मात्र बोटं दाखवायची नसत, मोजायची.

“एक, दोन,” ती म्हणाली. “तीन.”

चार, चार, चार. खाली ‘४’. दाढीवाल्याचा अंगठा तळहातावर असा दाबून धरलेला, की नख पांढरं पडलं होतं. साहेबांचा हात तिला दोनदा दिसत होता, काचेपलीकडे खरा आणि पडद्यावर दुसरा, खऱ्यापेक्षा किंचित मागे. “छान,” साहेब म्हणाले, काचेतून आणि मग कानात. “मग, घड्याळबाई?” तिच्या तोंडावर हे नाव कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं. आता तिने म्हणायचं, ठीक आहे, पाठवूया. तीन शब्द. जिभेवर आलेले. तिला स्टुलाची कड आठवली, आणि त्याशेजारी खाली बसलेलं, गाडी गाडी खेळणारं डोकं.

“हात खाली घेऊ नका,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला अनोळखी वाटला, टायपिंगच्या क्लासातल्या बाईंसारखा. “एक मिनिट. मी आज जरा वेगळं विचारते. काही अडथळा आहे का, ते नाही विचारत. पेशंटचा वॉर्ड बदलल्यावर ती लाल पट्टी नव्या वॉर्डात आलेली ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय, त्याने हात असा वर ठेवायचा. बाकीच्यांनी खाली घ्यायचा.” ‘असा’ म्हणताना तिने आपलाही हात वर करून दाखवला होता, आणि तो तसाच राहिला होता. तो पडद्यावर, एका कोपऱ्यात, तिला दिसला. कुणाचा हा हात? तिने तो खाली घेतला. सगळ्यांत आधी तोच खाली आला.

मग मुलीने एक एक बोट मिटलं, चारही, आणि हात पोटावर ठेवला. दाढीवाल्याने डोळे मिटून घेतले, आणि डोळ्यांमागोमाग हात. “मी अहवालात पाहिलंय,” साहेब म्हणाले. “अहवालात नाही साहेब. डोळ्यांनी.” काचेपलीकडचा हात खाली गेला. पडद्यावरचा अजून वर होता. एक क्षण, फार तर दीड, तो तसाच तरंगत राहिला आणि मग तोही पडला. आता फक्त खाली लिहिलेला ‘४’ उरला, त्याला कुठे खाली पडता येतं? हात खाली होते, पण बोललेलं काहीच नव्हतं, आणि न बोललेल्याचा अर्थ हो असा धरायची त्यांची सवय जुनी होती. साहेबांनी घसा साफ केला. तिला माहीत होतं, आता ते कुणाची हरकत नसेल तर म्हणतील, आणि तिला हेही माहीत होतं, की आपल्या तोंडून आता आणखी शब्द निघणार नाही. जेवढा होता तेवढा त्या प्रश्नात संपला होता.

“तर मग, कुणाची,” साहेब काचेतून म्हणाले. कानात ते यायच्या आतच राखाडी गोलाभोवती माइक सुरू झाल्याची हिरवी कड उजळली. आधी कुठेतरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग तोच, सकाळचा, घोगरा, झोपमोड झाल्यासारखा, पण आता कुजबुजणारा नव्हे.

“कुणीच पाहिलेली नाही,” गोल म्हणाला. “पट्टी पेशंटबरोबर जाते की मागेच राहते, हे आपल्यातल्या एकालाही माहीत नाही. मलाही नाही. आणि माझं नेटही काही खराब नाही.”